ओळंब्याची मागची खोली

या व्यवहारात ओळंब्याला मिळायचं होतं ते असं: रांगेतलं कोपऱ्याचं घर, तीन बाजूंनी उजेड, मागे चिमूटभर अंगण, आणि किंमत म्हणाल तर जेवढा खर्च येईल तेवढीच. रांग बांधणाऱ्या मालकाचा नफा शून्य. बाकीच्या घरांच्या किमती मालकाने कागदावर बांधून दिल्या होत्या आणि त्यांत आपला नफा, गिलाव्याआड नळ बसवतात तसा, नीट झाकून बसवला होता. ओळंबा पडला घरचा माणूस. त्याच्याशी कागद कशाला? नुसता हात मिळवला. "जो खर्च येईल तो दे. तुझ्याकडून काय कमवायचंय मला?" असं मालक म्हणाला, तेव्हा ओळंब्याला वाटलं की जगात आपल्याइतका नशीबवान मुकादम नसेल.

तोच मालक आज साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत चहाचा कप फिरवत म्हणत होता, "खर्च वाढला रे."

"किती?"

मालकाने आकडा सांगितला. ओळंब्याने तो ऐकला आणि खिडकीतून बाहेर, स्वतःच्या घराच्या पायाकडे पाहिलं. पाया तसा छान झाला होता. फक्त एक दिवस उशिरा.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. दोरीला जड गोळा बांधून भिंत सरळ आहे की नाही ते पाहतात, तो ओळंबा. हाही तसाच, मान खाली आणि वाऱ्याने हलेना. नाव कुणा गवंड्याने चिडून ठेवलं होतं, पण चिकटलं ते मालकापासून बँकेतल्या माणसापर्यंत.

गोष्ट साधी होती. सरकारने नवा नियम काढला होता. ठरलेल्या तारखेनंतर ज्या घराचा पाया पडेल ते घर हिवाळ्यात कमी हीटरवर उबदार राहणारं हवं. भिंतींना आतून जाड फोम, खिडक्यांना तिपदरी काच, हवा बदलायला यंत्र, आणि शेवटी दाराला भला मोठा पंखा लावून घरातून कुठे हवा गळते का याची परीक्षा. तारखेच्या आधी ज्यांचे पाये पडले ते जुन्या नियमात सुटले. रांगेतली सगळी घरं सुटली. राहिलं ते मुकादमाचं.

मुकादमांत एक रीत असते, स्वतःचं काम शेवटी घ्यायचं. नाहीतर लोक म्हणतात, चांगला माल आपल्याकडे ओढला. काँक्रीटची गाडी आली तेव्हा दोनच पाये उरले होते, त्याचा आणि शेजारच्या मास्तरीणबाईंचा. माल एकाला पुरेल इतकाच. मास्तरीणबाई कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "आज आमचं होईल ना हो?" ओळंब्याने गाडी त्यांच्याकडे वळवली. आपलं उद्या करू. उद्या काँक्रीटवाल्यांचं यंत्र बिघडलं, परवा नियम लागू झाला, आणि ओळंब्याचा पाया पडला त्यानंतरच्या सकाळी.

"बँकेत जाऊन आलास?" मालकाने विचारलं.

"आलो. म्हणतात, आहे तेच कर्ज तुमच्या पगाराला जड आहे."

"मग दोनच रस्ते राहिले बघ." मालक खुर्ची पुढे ओढून बसला. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याच्या अडचणीत तो नेहमी मनापासून लक्ष घालायचा, फक्त हात घालायचा नाही. "पायाचा दाखला कोण लिहितं? मुकादम. सही कोणाची? मुकादमाची. तारीख काय, इकडची तिकडे होते. मी काही बघितलं नाही."

"आणि दुसरा?"

"मागची खोली काढून टाक. तिला तिन्ही बाजूंनी उघड्या भिंती, वर दोन खिडक्या. सगळ्यात महाग तीच पडतेय तुला. ती गेली की बसतं गणित."

मागची खोली ओळंब्याच्या थोरल्या भावाची होती.

*

बायको मशीनवर पडदा शिवत होती. मागच्या खोलीच्या खिडकीचा. घराचा पत्ता नाही आणि पडदा तयार, असं तिला कोणी चिडवलं की ती म्हणायची, "तुमचे हे दुसऱ्यांच्या घराला दारं लावत बसतात, मी आपल्या घराला निदान पडदा लावते."

ओळंब्याने सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं.

"मग करा की सही."

"खोटी?"

"अहो, एका तारखेने कोणाचं वाकडं होणारे? शेजारची सगळी घरं तशीच आहेत ना? त्यात माणसंच राहणारेत ना?" तिने दोरा दाताने तोडला. "गाडी तुमची होती. ती तुम्ही देऊन टाकलीत. त्या बाईंनी साधा चहा तरी पाजला का?"

"त्यांना माहीतच नाही."

"तेच म्हणते मी. तुमचा चांगुलपणा कुणाला कळत नाही आणि भुर्दंड मात्र घरी येतो." मग आवाज उतरवून म्हणाली, "भाऊजींना हो म्हणून बसलोय आपण. त्यांनी घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगितलंय."

तिचा मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. ओळंब्याने तो खोडलाही नाही. दाखल्याचा कोरा कागद घडी करून खिशात ठेवला.

*

दादा सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. गिलाव्याचा कारागीर. त्याच्या हाताखालून गेलेल्या भिंतीवर दिवा धरला तरी सावली पडत नसे, असं लोक म्हणत. भिंती गुळगुळीत झाल्या आणि सगळी भुकटी छातीत राहिली. आईवडील गेल्यावर धाकट्याला त्यानेच वाढवलं, त्याच्या हातात थापी त्यानेच दिली, आणि स्वतःचं लग्न 'पुढच्या साली' करता करता राहूनच गेलं. आता तो घरातही कोट घालून बसायचा.

रविवारी सकाळी ओळंबा जिना चढून गेला तेव्हा दादा खोक्यात सामान भरत होता.

"ये. मुहूर्त काढलास का?" म्हणाला आणि खोकला. खोकला संपेपर्यंत दोघंही थांबले. ते थांबणं आता इतकं सवयीचं झालं होतं की बोलण्यातला स्वल्पविरामच वाटावा.

ओळंब्याने कागद काढून खोक्यावर ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. गाडीचं सांगताना दादा हसला.

"घर पाहावं बांधून, म्हणतात. तू आयुष्यभर दुसऱ्यांचीच पाहिलीस. म्हणून लक्षात नाही आलं."

"दादा, मी सही करतो."

"आणि?"

"आणि तुझी खोली होते. जुन्या पद्धतीने. बाकीच्यांची आहेत तशी."

दादा उठला. पलंगामागच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्याने बाजूला सरकवलं. मागे काळसर ओल होती, वरपर्यंत चढलेली. त्याने ओळंब्याचा हात धरून तिथे टेकवला. गार आणि ओलसर.

"ही कुठल्या नियमाची?"

ओळंब्याने हात मागे घेतला.

"जुन्याच ना? मग जुन्या नियमाची खोली मला आहेच की. आणखी एक कशाला बांधतोस?"

"हिवाळ्यात तुला इथे..."

"तिथेही तेच होईल. तीन उघड्या भिंती, एकीला ऊन नाही. मी गिलावा केलाय रे अशा खोल्यांना, मला नको शिकवू. हीटर लावशील तर बिल भरता भरता तुझा हप्ता चुकेल. नाही लावलास तर मी खोकत बसेन, आणि पलीकडे तुम्ही दोघं जागे." दादाने कागद उचलून त्याच्या खिशात परत कोंबला. "घर गरम बांध. नियम काढणारा गाढव नाहीये. त्याने फक्त पैसे कोण देणार ते लिहिलं नाही."

"मग हॉलमध्ये तुझी कॉट टाकू."

"हॉलमध्ये? दिवाणखान्यातला दिवाण करतोस मला?" दादा पुन्हा हसायला गेला आणि पुन्हा थांबावं लागलं. "ही खोली बरी आहे. खाली सायकलवाला आहे. त्याच्याशी भांडल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही."

सायकलवाल्याशी दादाचं कधीच भांडण नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं. जाताना ओळंब्याने पाहिलं, दादा खोक्यातलं सामान परत फळीवर लावत होता. भांडी आधी, मग थापी.

*

घर झालं. भिंतींना फोम बसला, तिपदरी काचा आल्या. ज्या भिंतीत मागच्या खोलीचं दार यायचं होतं तिथे हवा बदलायचं यंत्र आलं. कपाटाएवढं, पांढरंशुभ्र, हळू घुरघुरणारं.

परीक्षेच्या दिवशी तपासनिसाने दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवला आणि सुरू केला. मग धुराची कांडी घेऊन तो खिडक्यांच्या कडांपाशी, कोपऱ्यांपाशी फिरला. धूर सरळ वर जात राहिला, कुठे ओढला गेला नाही. शेजारून मास्तरीणबाई पाहायला आल्या होत्या. त्यांच्याकडे थंडी सुरू झाल्यापासून हीटर बंद होत नव्हता.

"तुमचं बाई बरं आहे," त्या ओळंब्याच्या बायकोला म्हणाल्या. "आम्हाला कोणी सांगितलंच नाही नव्या नियमाचं. नाहीतर आम्हीही थांबलो असतो."

बायकोने ओळंब्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिने मास्तरीणबाईंना चहा दिला.

"फार घट्ट घर आहे," तपासनीस आकडे लिहीत म्हणाला. "इतकं चांगलं मी या वर्षात पाहिलं नाही. गवंडी कोण होता?"

"यांच्याच हातचं आहे," मालक पुढे होऊन म्हणाला आणि ओळंब्याच्या पाठीवर थाप मारली. मग त्याने फोनवर घराचे फोटो काढले. पुढच्या रांगेच्या जाहिरातीला लागणार होते. तिथली घरं नव्या नियमाचीच होती आणि किमती पहिल्यापासून चढवूनच लावल्या होत्या.

सगळे गेल्यावर दादा आला. यंत्रासमोर उभा राहून त्याने कान दिला.

"माझ्यापेक्षा बरा श्वास घेतंय," म्हणाला.

"भाऊजी, बसा ना," बायको म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली.

दादा बसला. चहा प्यायला. थोड्या वेळाने त्याने, जणू कुणाच्या लक्षात येऊ नये असं, कोट काढून मांडीवर ठेवला. मग खुर्चीतच त्याचा डोळा लागला. तो जागा होईपर्यंत घरात कोणी भांडं वाजवलं नाही. आणि तेवढ्या वेळात तो एकदाही खोकला नाही.

"आज राहा दादा," ओळंबा म्हणाला.

"सायकलवाला वाट बघेल." दादाने कोट चढवला, वरपर्यंत बटणं लावली. बायकोने पडदा कागदात गुंडाळून दिला.

"तुमच्या खिडकीला लांब होईल थोडा."

"होऊ दे. खालची फट झाकेल."

दार जाड होतं, रबराच्या पट्टीवर येऊन दबक्या आवाजात बसलं. ओळंबा तिथेच उभा राहून कान देत होता. पायऱ्या उतरताना दादाला खोकला येतोच. पण घर चांगलं बांधलं होतं, बाहेरचं काही आत आलं नाही. तो खिडकीशी गेला. तिपदरी काचेपलीकडे दादा कुंपणाचा खांब धरून वाकला होता, खांदे हलत होते, काखेत पडदा होता.

तर हिशेब असा. मालकाने शब्द पाळला, नफा घेतला नाही आणि पदरचंही काही घातलं नाही. मास्तरीणबाई दर हिवाळ्याला थोडं थोडं भरतील, कशाचं ते न कळता. ओळंबा हप्ते भरेल, निवृत्तीपर्यंत. उरलेलं घेऊन एक माणूस कुंपणापाशी सरळ झाला, कोटाची कॉलर वर केली आणि सायकलच्या दुकानाकडे चालू लागला.