धुऱ्यावरच्या चपला

विश्रांतवाडीत आमच्या शेजारी दशरथ आणि ललिता राहतात, मूळचे वाशीमकडचे. घरामागच्या चटईएवढ्या जागेत ललितानं मेथी लावली. ती इतकी वाढली, की आळंदी रस्त्यावरचे स्कूटरवाले गाडीवरून न उतरता जुडी खुडून नेत. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

चपला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काढायच्या, वावरात अनवाणीच शिरायचं, हा तिच्या माहेरचा नेम. इथं धुरा म्हणजे एक वीट. ती विटेपाशी चपला काढी. माती उन्हाळ्यातही ओली असे. तिला वाटे, काळी आई माया करतेय.

तिला दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात झोपेनं घेरलं. दूध तापत ठेवून डोळा लागला, की त्याचं दही झाल्यावरच उघडे. स्वप्नात मातीतून तांबडे धागे निघत, तळपायांतून वेलीसारखे वर चढत आणि पोटात बसून सावकाश पीत. बाळाच्या आधी दुसरंच कुणी जेवून जातं, असं ती मला म्हणाली होती.

सदाशिव पेठेतल्या डॉक्टर पूर्वाबाईंनी तपासण्या केल्या. आतड्यात कृमी, रक्त निम्म्यावर. सातव्यापर्यंत ते वाढलं नाही तर दोघांच्याही जिवाला धोका. अनवाणी कुठं फिरता, असं त्यांनी विचारलं. ललिता म्हणाली, वावरात.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “विश्रांतवाडीत वावर? आणि खत कुणाचं?”

दशरथनं घरी येऊन वाफ्यालगतची फरशी उचकटली. संडासाच्या टाकीला तडा गेला होता. आईची माया तिथून झिरपत होती.

टाकी दुरुस्त झाली. जंताचं औषध झालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. वाफा उकरून उन्हात तापवला. दशरथनं कारखान्यातले गमबूट आणले. ललिता मात्र हटून बसली. “आईच्या अंगावर बूट घालून चढू का, अहो?” त्यानं समजावलं, तो रागावला, शेवटी बूट विटेपाशी ठेवून कामावर गेला.

त्या दुपारी ती पुन्हा झोपली. धागे एकेक सुटून खाली उतरत होते, आणि माती बोलली:

“चपला बाहेर ठेवतेस आणि माझ्यातलं विष लेकरापर्यंत नेतेस? घाल ते बूट.”

जागी झाल्यावर तिनं विटेपाशी उभं राहून मातीला लांबूनच हात जोडले, गमबूट चढवले आणि मेथी पेरली. सातव्यात रक्त चांगलं वाढलं. पूर्वाबाई नुसतं “बरं” म्हणाल्या. पेठेत याला कौतुक म्हणतात.

विटेपाशी आता बोटभर बुटांचा एक जोड बाळाची वाट पाहत बसलाय. परवा मी पाहिलं, तो मेथीच्या दिशेनं दोन पावलं सरकला होता.