न नासणाऱ्या दुधाची बरणी

गुरुवारी वाटूरच्या पुढं बरणीबाबाच्या मळ्यात पाय ठेवायला जागा राहत न्हाई. जीपा, टमटम, मोटारसायकली. मंडपात पाटावर काचेची बरणी, आत दूध, तोंड मेणानं बंद. उन्हाळ्यापासून ते दूध तसंच आहे. फाटलं न्हाई, आंबलं न्हाई.

बरणीबाबा माइकवर बोलून राह्यला होता, "तुमचं फ्रिजमधलं दूध लाइट गेली की नासतं. ह्या दुधावर मी नुसता हात फिरवला. ज्या हातानं दूध सडत न्हाई, त्या हातानं तुमचा घाव कसा सडंल?"

लोक माना डोलवून राह्यले होते. रांग घाववाल्यांचीच होती. बाबा वाटीतल्या तीर्थात बोट बुडवायचा अन् घावात फिरवायचा. एकाच्या फुटलेल्या गळवात, मंग तेच बोट पुढच्या बाईच्या टाक्यांवर.

मी बारावी नापास. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बाकी जे येतं ते वाचून अन् व्हिडिओ बघून. मला दुधाचा रंग खटकला. पांढरं नव्हतं. हलकं बदामी होतं, लई शिजवलेल्या दुधासारखं.

घरी येऊन दोन काचेच्या बाटल्यांत दूध भरलं. तोंडाला कापसाचे घट्ट बोळे, वरून कागद बांधला, अन् मायच्या कुकरमध्ये बराच वेळ शिजवलं. दूध बदामी झालं. थंड झाल्यावर एक बाटली उघडून आत बोट फिरवलं, परत बोळा लावला. ती चार-दोन दिवसांत फाटून वास मारायला लागली. दुसरी फळीवर जशीच्या तशी.

माय म्हणली, "गिऱ्हाईक न्हाई वाटतं दुकानात."

त्याच दिवसांत आबाच्या पायात बाभळीचा काटा गेला. आबा म्हणजे माझे वडील, आबाराव. जन्म शेळ्यांमागं गेला, त्यात शुगर. पाय सुजला, मंग एक बोट काळं पडलं, वास यायला लागला.

मी म्हणलं, "आबा, जालन्याला दवाखान्यात चला."

"तिकडं पाय कापतेत. रखमाजीचा कापला."

"रखमाजी उशिरा गेल्ता."

"बाबाचं दूध तू डोळ्यानं पाहिलं ना? सडलं का?"

मी फळीवरची बाटली पुढं ठेवली. "हे कुकरमधलंबी सडलं न्हाई."

"मंग कुकरला हार घाल," आबा म्हणले.

मी मायकडं वळलो. "माय, लोणच्याच्या बरणीत तू कोणाला हात का घालू देत न्हाई?"

"बुरशी येते. एवढंबी कळंना का?"

"हात तर धुतलेला असतो."

"धुतला म्हणून काय झालं?" असं म्हणली अन् आबाच्या पायाकडं बघत राह्यली.

"तेच म्हणून राह्यलो, माय. हाताला दिसत न्हाईत असे जीव असतेत. लोणचं, दूध नासवतेत त्यांचेच भाऊबंद पाय सडवतेत. शिजवून ते मारले अन् तोंड बंद केलं की दूध टिकतं. बाबानं दुसरं काही केलं न्हाई."

मायला पटलं. आबाला न्हाई. गुरुवारी रांगेत जाऊन बसलेच. मी सोबत गेलो.

नंबर आला. बाबानं बोट बुडवलं, आबाच्या पायाकडं वाकला. मी मधीच त्याचा हात धरला.

"बाबा, एक विनंती. हेच बोट आधी बरणीत घाला. मंग आबाच्या पायात घाला."

बाबा हसला. "बरणी सिद्ध आहे, बाळा. तिला कोणी शिवत न्हाई."

"तुम्हीबी न्हाई?"

"मेण तुटलं की..."

"तुटलं की काय होतं, बाबा?"

बाबानं बोट मागं घेतलं. माइक चालूच होता. मागून पुष्पाबाई, आमच्या गल्लीतल्याच, सहज म्हणल्या, "घाला की महाराज. हात तर तुमचाच आहे."

"नास्तिकासमोर सिद्धी चालत न्हाई," बाबा म्हणला, अन् ते बोट धोतराला पुसलं. बाबाच्या सेवेतली दोन पोरं मला उठवायला आली. पण आबा त्या बोटाकडंच बघून राह्यले होते. मंग माझ्या खांद्याला धरून उठले.

"चल जालन्याला."

म्हणजे बाबाला सगळं माहीत होतं. हे मला अजून पचलं न्हाई. अडाणी असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. त्याला माहीत होतं, आपलं बोट आत गेलं की दूध नासणार. दुधाला त्यानं जपलं. तेच बोट माणसांच्या घावात घालत राह्यला.

दवाखान्यात वंदना डॉक्टर होत्या. घावातला पू तपासायला बंद पाकिटातली काडी काढली. म्हणल्या, "काडीवरच जंतू असले तर लॅबला कसं कळणार, घावातले कोणते अन् काडीवरचे कोणते?" एक चिमटा चादरीला लागला, तो बाजूला ठेवला.

आबा म्हणले, "चमकून राह्यला की."

"चमकतो, पण साफ आणि निर्जंतुक एक नाही, आबा. साफ म्हणजे मळ नाही. निर्जंतुक म्हणजे एकही जंतू जिवंत नाही. चादरीला लागला, आता परत वाफेच्या मशीनमध्ये."

"कुकरच की," मी म्हणलं.

"मोठा कुकरच समज."

पायाची दोन बोटं गेली. पाय राह्यला. आधी आलो असतो तर बोटंबी राह्यली असती, असं डॉक्टर स्पष्ट म्हणल्या.

मळ्यातली गर्दी कमी झालेली न्हाई. टाके असलेली ती बाई कोण होती, तिचं काय झालं, मला माहीत न्हाई. म्हणून हे लिहून राह्यलो.

परवा ड्रेसिंगला डॉक्टर आल्या तेव्हा आबांनी पाय मागं घेतला. म्हणले, "बाई, राग मानू नका. हात धुतले का?"

डॉक्टर थांबल्या. गेल्या, हात धुतले, नवे हातमोजे घालून आल्या.

तुम्हीबी विचारा. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, स्वतःच्या मायला विचारा. खरं जाणणारा माणूस विचारल्यावर हात धुऊन येतो. जो सिद्धी सांगतो, त्याच्यापुढून आपला माणूस उचला अन् दवाखान्यात न्या.