पान एकशे बासष्ट

मरणाऱ्या ताऱ्यांतून निघणाऱ्या गॅमा किरणांवर ज्यांनी उभा जन्म घातला, त्यांना संस्थेत सगळे तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठ वळली की 'गॅमाकाका'. लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. घरात दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर कायम जुन्या नियतकालिकांचा ढीग. बोलायला म्हणाल तर एक थोरली बहीण, तीही फोनवर, रविवारच्या रविवारी.

पण नाव केवढं मोठं! तरुणपणी लिहिलेल्या एका पेपरचा हवाला जगभरातल्या हजारावर पेपरांनी दिलेला. निवृत्तीचा समारंभ तोंडावर आला तेव्हा संचालक म्हणाले, "सर, कोणी कोणी तुमचा आधार घेतलाय, त्यातले चार बडे लोक निवडून द्या. पडद्यावर झळकवू."

सर हौसेनं बसले. पहिल्या पेपरच्या शेवटी संदर्भात स्वतःचं नाव दिसलं, वर्ष दिसलं आणि पुढे पान एकशे सव्वीस. अहो, पान एकशे बासष्ट! आकडे उलटसुलट झाले असतील, म्हणून ते हसले. दुसऱ्यातही एकशे सव्वीस. तिसऱ्यातही. चौथ्यातही तेच, तेव्हा मात्र ते हसायचे थांबले. ज्या अंकात त्यांचा पेपर छापला होता, त्याच्या एकशे सव्विसाव्या पानावर कोणाचा तरी सूर्यावरच्या डागांचा लेख होता. म्हणजे पहिल्यानं घोटाळा केला आणि बाकीच्यांनी शेजारच्याच्या पाटीवरून गणित उतरवावं तसं चुकीसकट उतरवलं. पेपर उघडायची तसदी कोणीच घेतली नव्हती.

मेले सगळे विद्वान! सरांना संताप आला, पण सांगणार कोणाला? जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी कोणी बसत नसे. आपण इतकी वर्षं भिंतीशी बोलत होतो की काय, या विचारानं त्यांना घास गिळवेना. मग एकच ध्यास लागला. बरोबर पान लिहिणारा एक तरी सापडू दे.

सापडली. कुठल्याशा लहान कॉलेजातली शिक्षिका. तिच्या पेपरला कुणी विचारत नव्हतं, पण पान एकशे बासष्ट! सरांनी नंबर मिळवून तिला फोन लावला.

"तो गॅमा किरणांचा पेपर माझा. एक विचारू? तुम्ही तो खरंच वाचलात का हो?"

"तीनदा वाचला, सर." ती घुटमळली. "रागावणार नसाल तर सांगते. सातव्या समीकरणात वजाच्या जागी अधिक पडलंय. शेवटचं उत्तर निम्मंच यायला हवं. पण एवढी मोठी माणसं मानतात, म्हटलं मीच चुकत असेन. म्हणून लिहिलं नाही."

"फोन ठेवू नका हं," सर म्हणाले. खुर्चीवरचा ढीग खाली ओढून त्यांनी तो अंक काढला, पेन्सिल घेतली, आकडेमोड केली. पुन्हा केली. उत्तर निम्मंच येत होतं. ज्याच्यावर नाव उभं होतं, तोच पाया कच्चा!

"तुमचंच बरोबर आहे, बाई."

"अगंबाई! आता हो, सर?"

"आता काय, लिहा. दुरुस्ती तुमच्या नावानं छापून येऊ दे. संचालकांना मी सांगतो. आणि पान तेवढं एकशे बासष्टच लिहा!"

रविवार नव्हता, तरी त्यांनी बहिणीला फोन केला. ती घाबरलीच. "काय रे, बरा आहेस ना?"

"ताई, माझा तो पेपर चुकलेला निघाला."

"अरे देवा! ऐन समारंभाच्या तोंडावर? मग गेलं की रे सगळं!"

"नाही गं ताई. चुकलो, पण वाचलो. कोणीतरी वाचलं गं मला."

ताईला त्यातलं अर्धंच कळलं. "वाचलास ना? मग झालं तर," ती म्हणाली. "जेवलास का?"

"जेवतो आता," सर म्हणाले आणि डोळे पुसायला चष्मा काढला.