दोन नावं, एकच माणूस

अँगस मॅकरेसाहेबाचा काका तिकडे स्कॉटलंडात मूलबाळ नसताना वारला आणि इकडे शैलेंद्रच्या डोक्याला ताप झाला. शैलेंद्र नोकरीला होता त्या दुबईतल्या जबल अलीच्या गोदामाचा मॅनेजर एकदम लॉर्ड ग्लेनार्डी झाला. जमीन नाही, गढी नाही, नुसता चारशे वर्षांचा किताब. तोही मधे दोनदा मुलींकडून फिरून आलेला. तिकडे मुलगा नसला तर काही किताब मुलीकडे जातात म्हणे. ही वंशावळ ऐकून ऐकून शैलेंद्रचे कान किटले होते. त्याने आपलं रावबहादूर लावावं तसं फॉर्मवर ‘लॉर्ड अँगस मॅकरे’ लिहिलं, तर साहेब कावला. तसं ड्यूकच्या धाकट्या मुलांना म्हणतात.

सहीचा घोळ तर विचारूच नका. लॉर्ड लोक नुसता किताब लिहितात. साहेब ऐटीत ‘ग्लेनार्डी’ लिहायचा आणि शैलेंद्रच्या व्हिसा-रिन्यूअलचा अर्ज परत यायचा, सही जुळत नाही म्हणून. मार्केट क्रॅशनंतरचं ते साल. ते राहायचे त्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये रोज नोकरी गेलेल्या कुणाचं तरी सामान खाली उतरत होतं. बायको सुनेत्रा आणि मुलगी आभा, दोघी त्याच्याच व्हिसावर.

“त्याला सांग ना, इथे लॉर्ड-बिर्ड चालत नाही, खलास,” सुनेत्रा म्हणायची. सांगून काय उपयोग?

शेवटी साहेब सुट्टीवर गेला तेव्हा शैलेंद्रने आपल्याकडचा उपाय केला. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांसाठी करतात ना, तसा कागद: ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. वंशावळ आणि पासपोर्टची कॉपी कंपनीच्या वकिलापुढे टाकली, शिक्के मारून घेतले, आणि वर शहाणपणा करून हेड ऑफिसलाही मेल केला.

परत आल्यावर साहेबाने तो कागद वाचला. मग ड्रॉवरमधून दुसरा काढला. शैलेंद्रची नोकरी संपवणारं व्हिसाचं कॅन्सलेशन, हेड ऑफिसने साहेबाच्या सहीसाठी कधीचंच पाठवलेलं.

“माझी सही इथे चालत नाही, असं मी त्यांना सांगत आलो,” तो म्हणाला. “वाटलं, तेवढ्यात मार्केट सुधारेल.”

“मला सांगायचं तरी, सर.”

“तू गप्प बसला नसतास.”

ते खरंच होतं. शैलेंद्रला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. फोन वाजला. हेड ऑफिसच होतं. हो, वकिलाचा कागद मिळाला, असं साहेबाने दोनदा सांगितलं, पेन उघडलं आणि कॅन्सलेशनवर ‘ग्लेनार्डी’ लिहिलं. आता ती सही सगळीकडे चालणार होती.