काबऱ्या बांगड्या

नंदुरबारच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलेले पितांबर मास्तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर कौसाबाई कासारणीच्या दुकानापुढे उभे राहिले, तेव्हा त्यांना भर सभेतही कधी वाटला नव्हता इतका संकोच वाटला.

आखाजीला लेकीने माहेरी यावे आणि आईने तिला ओट्यावर बसवून कासारणीकडून तिचे हात भरून घ्यावेत, ही त्यांच्या घरची रीत. मास्तरांच्या पत्नी छबूबाई होत्या तोवर लेक ममता सुरतेच्या सासरहून न चुकता येई. छबूबाई कासारणीला एवढेच सांगत, काबऱ्या भर. हिरवी, तांबडी, पिवळी, जांभळी, कोणतीही चालेल. मात्र एका रंगाच्या दोन शेजारी येता कामा नयेत. मास्तर आतून समजावत की काबरा हा शब्द गावंढळ नव्हे, तो थेट कर्बुरापासून आला आहे. अनेक रंग परस्परांना न पुसता जिथे एकत्र नांदतात, ते कर्बुर. शबल, कल्माष, किर्मीर ही त्याचीच भावंडे. छबूबाई हात न थांबवता म्हणत, "तुम्हना कर्बुर पोथीमा राहू द्या. मन्ही पोरना हात काबरा दिसू द्या."

छबूबाई गेल्या आणि ममताचे येणे थांबले. तिथे माय नाही, आता मी कोणाकडे येऊ, असे तिने फोनवर एकदाच विचारले होते. मास्तरांनी तेव्हा सुरतेच्या उन्हाची चौकशी केली. त्यानंतर बाप-लेकीचे बोलणे प्रकृती, ऊन आणि मिरचीचा भाव यांपलीकडे गेले नाही.

यंदा त्यांनी मनाशी ठरवले की बांगड्या आपणच घ्याव्यात आणि सुरतेला पाठवून द्याव्यात. कौसाबाईने सारे ऐकून माप विचारले. ज्या इवल्या मुठीत पाटीवरची लेखणी धरवून त्यांनी श्रीकार गिरवून घेतला होता, ती मूठ आता केवढी झाली असेल, हे त्यांना सांगता येईना.

"मास्तर, हात नही तं भरू कोनले?" कौसाबाई हसली. "तुम्हना हातमा भरू का?"

मग तिचा स्वर मऊ झाला. आखाजीची बांगडी पुडक्यात जात नसते, तिला समोर हात लागतो, असे म्हणून तिने पेटीचे झाकण लावले.

घरी येऊन मास्तरांनी ममताला फोन लावला. जे बोलायचे होते ते ओठांवर येईना, म्हणून ते सवयीने कर्बुराकडे वळले. मूळ शब्द कसा झिजला, त्यातला पहिला रकार कसा लोपला, लोकांच्या तोंडी रुळून तो कोंबडीला, गाईला, ढगाला कसा लागला, हे त्यांनी वर्गात सांगावे तसे सावकाश सांगितले. ममताने मध्ये एकदाही अडवले नाही. ते थांबल्यावर तिने विचारले,

"आबा, तुम्ही मले शब्द शिकाडी ऱ्हायनात, का बलाई ऱ्हायनात?"

शिकवणे की बोलावणे, घरातही पुस्तकी मराठी न सोडणाऱ्या मास्तरांना एवढेच सांगायचे होते. शब्दांचा एवढा संग्रह पाठीशी असून त्यांतला एकही कामी येईना.

"बलाई ऱ्हायनू, माय," ते तिच्याच बोलीत म्हणाले.

मग ममताने विचारले, सकाळची गाडी नंदुरबारला किती वाजता पोहोचते. लग्न झाल्यापासून ज्या गाडीने ती माहेरी येत आली, त्याच गाडीची वेळ ती विचारत होती. मास्तरांना ती तोंडपाठ होती. तिला ती ठाऊक असणार हे कळूनही त्यांनी ती दोनदा सांगितली, आणि त्यांचे सांगून होईपर्यंत तिने फोन कानापासून दूर केला नाही.