सजा झालेल्यांनी उठावं

माझा धाकटा दीर मल्लिनाथ गुलबर्ग्याच्या तुरुंगातून सुटून आला, तेव्हा गावानं त्याला वाजतगाजत वेशीतून आणलं. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात. इथं वर हारतुरे! माझी जाऊ इरम्मा अशी मिरवत होती, की मला पाहवेना.

त्यानं केलं तरी काय? निजाम सरकारनं लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या वसुलीची, ज्वारी मागितली, ती यानं जमिनीखालच्या पेवात दडवली. एक पेव सापडलं, सहा महिन्यांची सजा झाली. दुसरं सापडलंच नाही. आमच्या मालकांनी, त्याच्या थोरल्या भावानं, मात्र सगळी ज्वारी मुकाट घातली आणि उन्हाळ्यात आमच्याच घरात पीठ नाही. मग इरम्मा सूप भरून दारात यायची. "घ्या अक्का." ती ज्वारी मी खाल्ली आणि घासागणिक जळले.

निजाम गेला. गावानं नवा पंच निवडायचं ठरवलं. एका बाजूला आमचे मालक, दुसऱ्या बाजूला मल्लिनाथ. चावडीपुढं हात वर करायचे, ज्याला जास्त हात तो पंच. हात कुणाला मिळणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. मी मालकांना पढवून पाठवलं.

"ज्याला सजा झाली, त्यानं उभं राहू नये आन् हातबी वर करू नये," ते म्हणाले.

मल्लिनाथ उठला आणि लिंबाखाली जाऊन बसला. माझा जीव थंड झाला.

गावातले थोरले महांतप्पा म्हणाले, "समद्यांलाच का ह्यो नियम?"

"समद्यांला."

"मग म्याबी उठतो. लेव्हीपायी मलाबी कोठडी झाली व्हती."

ते उठले. गुंडाप्पा उठला. त्याच्या शेजारचा उठला. बघता बघता बसायला अंथरलेली सगळी घोंगडी रिकामी झाली, माणसं लिंबाखाली. मालक एकटेच बसलेले.

चावडीच्या कडेला बायकांत इरम्मा माझ्या शेजारीच उभी होती. हसली असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण तिचे डोळे भरले होते. "अक्का, थोरल्या भावजींला माघारी बोलवा की." तिच्या त्या दयेनं माझ्या अंगाची आग आग झाली. मी बोलावलं नाही.

"शांतलिंग," लिंबाखालून महांतप्पा म्हणाले, "आता तू एकलाच राह्यलास. कर निवड."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी हात वर केला. मोजायला कुणीच उरलं नव्हतं.