अलार्मसमोरची बॅग

धाकटीने कॅम्पर गाडी घेतली, तेव्हा थोरली तोंडभरून "छान आहे हो" म्हणाली. आतून मात्र ती जळली. लहानपणापासून हेच. रूप धाकटीचं, मार्क धाकटीचे, नवराही हौशी धाकटीचाच. थोरलीच्या नवऱ्याला सोफ्यावरून उठवायचं म्हणजे क्रेन लागायची.

"ताई, चल ना आमच्याबरोबर दोन दिवस," धाकटीने आग्रह केला, आणि नाही म्हटलं तर जळतेय असं दिसेल, म्हणून थोरली गेली.

गाडीत पलंग, बेसिन, शेगडी, फ्रिज, सगळं. धाकटी एकेक वस्तू कौतुकाने दाखवत होती. "सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात असतो. आणि हा गॅसचा अलार्म. हा गॅस हवेपेक्षा जड ना, खाली साचतो, म्हणून हा जमिनीलगत."

"आमच्या घरी नाक आहे," थोरली म्हणाली.

अलार्मचा हिरवा दिवा मिणमिणत होता. तोही तिला मिजासखोर वाटला. धाकटीची पाठ वळताच तिने आपली फुगलेली बॅग त्याच्यासमोर कोंबली आणि वर पांघरूण दाबलं.

खडबडीत रस्त्याने गाडीने सगळ्यांची हाडं खिळखिळी केली. दुपारी तळ्याकाठी थांबल्यावर धाकटी चहासाठी कप काढू लागली, तिचा नवरा बाहेर खुर्च्या मांडू लागला. थोरली आत बसून होती. तेवढ्यात तिला वास आला. सडक्या अंड्यासारखा, पण ओळखीचा.

आणि तिला बरं वाटलं! नवी कोरी गाडी, आणि घाण मारतेय. आता बाईसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होईल. ती गप्प राहिली. धाकटीला सर्दी झालेली, तिला पत्ताच नव्हता. तिने लायटर उचलला.

"थांब!" थोरलीने झडप घालून तिचा हात धरला. "गॅस! बाहेर हो!"

धाकटी क्षणभर गोंधळली, मग लगेच भानावर आली. लायटर जागीच ठेवला, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, दार सताड उघडं ठेवून ताईला ओढतच बाहेर आली. "सिलिंडर बंद कर!" ती नवऱ्यावर ओरडली. तिघं लांब झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि तिथूनच तिने मेकॅनिकला फोन लावला. धाकटी पत्ता सांगत होती, स्पष्ट, न अडखळता. हेसुद्धा हिलाच जमतं!

मेकॅनिक आला तोवर गाडीतला वास गेला होता. त्याने अंदाज घेऊन सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, गॅस जरासा सोडला. शेगडीमागे बुडबुडे आले. हादऱ्यांनी सांधा सैल झाला होता. मग त्याची नजर खाली गेली.

"अलार्मसमोर बॅग कोणी ठेवली?"

"मी," धाकटी पटकन म्हणाली. "माझीच चूक."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता चांगुलपणातही हिचीच सरशी! एवढं तरी ती हिला मिळू देणार नव्हती.

"खोटं बोलू नकोस. बॅग माझी आहे, मीच मुद्दाम ठेवली," ती तडकून म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर उरलेलंही निघून गेलं. "वासही मला आधी आला होता. तुझी फजिती बघायची होती, म्हणून बोलले नाही."

मेकॅनिकने पाना घेऊन शेगडीमागे डोकं घातलं. धाकटीचा नवरा खुर्च्यांकडे वळला. धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"किती वेळ गप्प होतीस?"

"तू लायटर उचलेपर्यंत."

"ताई, मला अजून भीती वाटतेय," ती म्हणाली, आणि मघापासून खणखणीत असलेला तिचा आवाज एकदम लहान झाला. थोरलीने तिला जवळ घेतलं. धाकटीने घेऊ दिलं, पण तिचं अंग ताठच होतं.

परतीच्या वाटेवर दोघी शेजारी बसल्या. गाडी झोकात वळणं घेत होती. सीट किती मऊ आहेत, असं पुन्हा हेव्याने थोरलीच्या मनात आलं, आणि तिने मान खिडकीकडे वळवली.